खूण आभाळाकडे की सूर्याकडे? कास ते मालवण, एका पोलरायझरसह

बुधवार, पुणे

निघायच्या आदल्या संध्याकाळी पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे चढवून फिरवायचा, चमक घालवणारा आणि आकाश गडद करणारा फिल्टर, घ्यायला जाणं हे आमच्या घराण्याला शोभेसंच होतं. माझ्याकडे कॅनन कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री हा रोलचा कॅमेरा, १९७२ सालचं मॉडेल, ४० मिलिमीटर एफ १.७ची लेन्स, फिल्टरचे आटे ४८ मिलिमीटरचे. आतेभाऊ, म्हणजे दादा, याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएनचा भक्त. त्याचे आटे ५५चे. दोघांना दोन फिल्टर घेण्यापेक्षा ५५चा एकच घ्यायचा आणि माझ्या लेन्सला ४८ ते ५५ अशी स्टेप-अप रिंग लावायची, असा दादाने हिशेब केला. हिशेब बरोबर होता. एका फिल्टरवर दोन माणसं आली की काय होतं, ते त्यात धरलेलं नव्हतं.

दुकानदाराने विचारलं, “सर्क्युलरच देऊ ना? हल्ली सगळे तेच नेतात.” नेतात, कारण लेन्समधूनच बघायच्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समागे आरसा असतो. उजेड मोजणारा मीटर आणि ऑटोफोकस यांच्यासाठी तो थोडा प्रकाश आरपार सोडतो, आणि साध्या लिनिअर पोलरायझरमधून आलेला प्रकाश तिथे गोंधळ घालतो. म्हणून सर्क्युलरच्या पाठीला आणखी एक थर दिलेला असतो. आमचे दोन्ही कॅमेरे रेंजफाइंडर, त्यांत वेगळ्या खिडकीतून बघून फोकस जुळवायचा, लेन्समागे आरसाच नाही. शटर आणि त्यामागे थेट रोल. म्हणजे आम्हाला लिनिअर चालतो, आणि जुना लिनिअर कुणी विचारत नसल्यामुळे स्वस्तात मिळतो. खालच्या खणात असे चार-पाच पडलेले होते. कुठला कोणता, हे काहींच्या कडेवरून पुसलं गेलेलं.

इथे दुकानदाराचा कॅल्क्युलेटर कामी आला. त्याच्या पडद्यातून येणारा प्रकाश एकाच दिशेत कंप पावणारा, म्हणजे पोलराइज्ड असतो. फिल्टर डोळ्यापुढे धरून फिरवला की एका ठिकाणी आकडे गुडूप होऊन पडदा काळा होतो. मग फिल्टर उलटा करून बघायचं. तरीही काळा झाला तर लिनिअर. एकाच बाजूने काळा होतो आणि उलट बाजूने नुसता रंग बदलतो, तो सर्क्युलर. दुसरी खात्री आरशात होते. फिल्टरची कॅमेऱ्याकडची बाजू आरशाकडे करून त्यातूनच त्याचं प्रतिबिंब पाहायचं. सर्क्युलर काळा दिसतो, लिनिअर स्वच्छ. दुकानदार म्हणाला, “इतकी वर्षं विकतोय, कॅल्क्युलेटरवर कुणी लावून पाहिला नव्हता.” आम्ही एक लिनिअर उचलला. काचेवर ओरखडा नाही, बाहेरची कडी गोल फिरते पण सैल लोंबत नाही. बाकी काय बघायचं असतं?

घरी आल्यावर मुख्य काम. एसएलआरवाला फिल्टर फिरवताना परिणाम डोळ्यांनी बघतो. आमचा व्ह्यूफाइंडर लेन्समधून बघतच नाही, त्यामुळे फिल्टर कसाही फिरवा, खिडकीत जग जसंच्या तसं. हा तोटा खरा. पण त्याच कारणाने खिडकी काळवंडतही नाही आणि फोकसचे दोन ठिपके जुळवायला अंधारात चाचपडावं लागत नाही. तेव्हा फिल्टरचा अक्ष, म्हणजे ज्या दिशेचा कंप तो आरपार सोडतो ती दिशा, कुठे आहे हे आपल्याला आधीच माहीत असलं पाहिजे. खिडकीची तिरीप गुळगुळीत फरशीवर पडली होती. फिल्टर उभा धरून ती चमक पूर्ण जाईपर्यंत फिरवला आणि कडीवर जी जागा सर्वांत वर आली, तिथे वहिनीच्या नेलपॉलिशचा पांढरा ठिपका दिला. अर्धा फेरा फिरवला तरी परिणाम तोच राहतो, म्हणून एक ठिपका पुरतो.

त्या ठिपक्यावरून दोनच नियम. पाणी, पानं, फरशी, काच यांची चमक घालवायची तर खूण आभाळाकडे. आकाश गडद करायचं तर खूण सूर्याकडे. कॅमेरा उभा धरला की फिल्टरही त्याच्याबरोबर आडवा होतो, तेव्हा खूण पुन्हा जागेवर आणायची. हे दादाला मी तीनदा सांगितलं. तो म्हणाला, “मला काय पहिलीत घातलंयस का?”

गुरुवार, कास

साताऱ्याहून कास पंचवीसेक किलोमीटर. आठवड्याच्या मधल्या दिवसाचं आणि सकाळचं बुकिंग केलं होतं, त्यामुळे गर्दी माणसांपेक्षा ढगांची जास्त. पठार साधारण बाराशे मीटरवर. सप्टेंबरअखेर ढग तिथे अंगावर येतात. सूर्य नाही, निळं आकाश नाही. पोलरायझर घेऊन आलेल्या माणसाला लोक अशा दिवशी कीव करून बघतात.

खरं तर हाच त्याचा दिवस. अख्खं आभाळ पांढरं असतं तेव्हा प्रत्येक ओल्या पानावर त्या पांढऱ्याचा एक पातळ पापुद्रा चढतो. आपला डोळा तो माफ करतो, रोल करत नाही. तेरड्याच्या गुलाबी ताटव्यापुढे मी फिल्टर हातात धरून फिरवला. खूण वर आली तशी पानांवरची पांढुरकी झाक उतरत गेली आणि खालचा हिरवा, मग गुलाबी वर आला. सगळी पानं मात्र एकदम उतरत नाहीत. ज्याचा कल जसा, तसं ते आपली चमक सोडतं किंवा धरून ठेवतं. ते बरंच आहे, नाहीतर पठार प्लास्टिकचं दिसलं असतं.

रोल २०० आयएसओचा. ढगाळ उजेडात १/१२५ सेकंदाला मीटरची सुई एफ ८वर. फिल्टर चढवल्यावर ती एफ ४च्या आसपास आली, म्हणजे दोन स्टॉप गेले, उजेड चौथाई उरला. कॅनोनेटचा मीटरचा डोळा लेन्सच्या कडीच्या आतच बसवलेला आहे, त्यामुळे तोही फिल्टरमधूनच बघतो आणि हिशेब आपोआप होतो. याशिकाचा डोळा वर, अंगावर, व्ह्यूफाइंडरशेजारी. त्याला फिल्टरचा पत्ताच नसतो. म्हणून दादाने ४०० चा रोल घालून रोलचा आयएसओ सांगायची एएसएची तबकडी १०० वर ठेवली, आणि फिल्टर काढला की ती परत ४०० वर न्यायची आठवण राहावी म्हणून मनगटावर रबर बँड अडकवला.

कॅनोनेटच्या या रचनेमुळे एक गंमत हाताशी येते, ती आम्ही कुमुदिनीच्या तळ्यावर करून पाहिली. काठावर उभं राहून कॅमेरा पाण्याकडे धरला आणि फिल्टर अगदी सावकाश फिरवत गेलो. व्ह्यूफाइंडरमधलं दृश्य तसूभर बदललं नाही, पण सुई सरकत सरकत एका जागी अगदी खालच्या आकड्याला टेकली आणि पुढे गेल्यावर पुन्हा चढली. ती टेकली तिथे प्रतिबिंब सर्वांत कमी. खाली पाहिलं तर ठिपका बरोबर वर. मीटर जुना, कॅडमियम सल्फाइडचा, थोडा सुस्त. घाईने फिरवलं तर त्याला कळतच नाही.

पाण्यावरची चमक सगळीकडून सारखी जात नाही. एका ठराविक कोनातूनच ती पूर्ण जाते. पाण्यासाठी तो कोन लंबापासून ५३ अंशांचा, डेव्हिड ब्रूस्टरने १८१५ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे. उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून हिशेब केला तर पायापासून जेमतेम दोन मीटरवरचा पट्टा येतो. तिथे कुमुदिनीची गोल पानं काळ्याशार पाण्यावर तरंगताना दिसत होती, त्यांचे खाली गेलेले देठही दिसत होते. पलीकडच्या काठाजवळ मात्र तीच पांढरी ताटली. गवतातले दवबिंदू बघितले आणि सोडून दिले. कॅनोनेट ०.८ मीटरच्या आत येत नाही. असल्या इवल्या गोष्टींसाठी तो कॅमेराच नाही.

शुक्रवार, कोयना आणि कुंभार्ली

पाटणमार्गे कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि रात्री रत्नागिरी. वाटेत ऊन पडलं. मागच्या सीटवर बसून मी फिल्टरमधून बाजूच्या काचेबाहेर पाहिलं, तर काचेवर सगळीकडे काळपट ठिपक्यांची नक्षी. गाडीच्या बाजूच्या काचा तापवून झटकन थंड केलेल्या असतात. त्यांच्यात अडकलेला ताण पोलरायझरमधून असा उघडा पडतो. फोटो घ्यायचा तर काच खाली करावी. समोरच्या काचेला हा त्रास जवळजवळ नाही.

घाटात पुन्हा पाऊस. रस्त्याकडेचा एक ओहोळ कातळावरून उतरत होता. ओला बेसॉल्ट चमकतो तेव्हा फोटोत तो राखाडी येतो. चमक काढली की त्याचा खरा काळा आणि शेवाळ्याचा हिरवा दिसतो. फेसाचं पांढरं मात्र पोलरायझरला दाद देत नाही, ते तसंच राहतं. झाडाखाली १/६०ला कॅनोनेटचं बटण दबेना. ऑटोमध्ये उजेड कमी पडला की तो शटरच अडवतो, आणि फिल्टरने दोन स्टॉप खाल्लेले. १/१५वर आलो, गाडीच्या बॉनेटवर कोपर टेकवले, तेव्हा कुठे सुईने मान डोलावली. दादा छत्री धरून उभा. “झालं का? आता माझ्याकडे दे.” फिल्टर द्यायचा म्हणजे रिंगमधून सोडवायचा, पुसायचा, चढवायचा, पुन्हा खूण बघायची. तोवर पावसाने त्याच्या कातळावर दुसराच ओहोळ सुरू केला होता.

शनिवार, आरे-वारे

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा समुद्राकाठचा रस्ता. आरे-वारेच्या टेकाडावरून दोन्ही किनारे एकदम दिसतात, आणि सकाळी तिथे पोलरायझर घेऊन उभं राहिलं की समजतं, आकाश सगळीकडे सारखं ऐकत नाही. सूर्य पाठीशी, समुद्र पश्चिमेला समोर. त्या दिशेला फिल्टर कितीही फिरवा, निळा रंग हलत नाही. हाताचा अंगठा आणि तर्जनी काटकोनात धरायची, तर्जनी सूर्याकडे ठेवून मनगट फिरवायचं. अंगठा जिथून जिथून फिरेल तो आकाशाचा पट्टा फिल्टरला दाद देतो. सकाळी तो पट्टा उत्तरेकडून डोक्यावरून दक्षिणेकडे जातो. म्हणून आम्ही किनाऱ्याच्या लांबीच्या दिशेने, उत्तरेकडे तोंड केलं. ढग त्या गडद निळ्यावर उठून आले. ढगांचा स्वतःचा प्रकाश पोलराइज्ड नसतो, ते पांढरेच राहतात.

कॅनोनेटचा हुशार मीटर इथे नडतो. आकाश गडद झालं की त्याला वाटतं उजेड कमी आहे, आणि तो एक्सपोजर वाढवून आपण गडद केलेलं पुन्हा फिकं करतो. मी फिल्टर लावून वाळूवर आणि झाडीवर मीटर घेतला, आलेला आकडा लेन्सच्या कडीवर हाताने ठेवला आणि मग आकाशाकडे वळलो. दादाच्या याशिकाला असली हुशारी नाही. त्याचे सरळ दोन स्टॉप, आकाश असं असो की तसं. तो यावर दिवसभर खूश होता.

वारे गावच्या पुळणीवर समुद्र हिरवट निळा. दादाचा पोलराइज्ड गॉगल डोळ्यांवर घेऊन मान आडवी-उभी केली की पाण्याची चमक येते आणि जाते. गॉगलचा अक्ष उभा असतो, म्हणजे खूण वर ठेवल्यावर फिल्टर काय करेल ते तो आधीच दाखवतो. रेंजफाइंडरवाल्याला यापेक्षा सोपा आणि स्वस्त व्ह्यूफाइंडर मिळायचा नाही. लायकाचा एक फिल्टर आहे, जो लेन्सवरून वर उलटून व्ह्यूफाइंडरच्या खिडकीपुढे येतो. तिथे बघून फिरवायचा आणि परत खाली पाडायचा. यंत्र सुरेख, पण त्याच्या पैशात माझा अख्खा कॅमेरा येऊन वर रोल उरतील.

समुद्राची चमक काढून पाहण्याचा उद्योग फार मोठ्या माणसाने केलेला आहे. १९२१च्या सप्टेंबरात चंद्रशेखर वेंकट रामन ‘नारकुंडा’ बोटीने युरोपहून परतत होते. समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं लॉर्ड रॅले यांनी म्हटलं होतं. रामन यांनी निकोल प्रिझममधून, म्हणजे त्या काळच्या पोलरायझरमधून, त्याच ब्रूस्टरच्या कोनात, पाण्याकडे पाहून ते प्रतिबिंब घालवलं. निळाई गेली नाही, उलट गहिरी झाली. म्हणजे निळा रंग पाण्याच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाचा, असं त्यांनी मांडलं. ‘नेचर’ला त्यांनी जे पत्र लिहिलं त्यावर पत्ता मुंबई बंदरातल्या बोटीचाच आहे. मी फिल्टरमधून तेवढाच निळा पाहिला आणि मला फक्त चांगला फोटो सुचला. असो.

दुपारी चारच्या सुमाराला सर येऊन गेली आणि पूर्वेच्या डोंगरावर इंद्रधनुष्याची ठेंगणी कमान उभी राहिली. माझ्या लेन्सवर फिल्टर, खूण वर. मी कॅमेरा उचलणार तेवढ्यात दादा ओरडला, “आधी गॉगल घालून बघ!” बघितलं तर कमानीचा माथा गायब. इंद्रधनुष्याचा प्रकाश कमानीच्या वळणाच्या दिशेतच पोलराइज्ड असतो, माथ्याशी आडवा. उभा अक्ष तो पुसून टाकतो. खूण आडवी केली तर माथा उलट जास्त उठतो. एसएलआरवाल्याला हे दिसलं असतं. आम्ही खुशाल रिकामा डोंगर टिपून घरी नेला असता.

रविवार, रस्ता

रत्नागिरी ते मालवण. महामार्गाबद्दल ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, ज्यांना नाही त्यांना सांगून उपयोग नाही. मीटरची बॅटरी बसली. कॅनोनेटला पाऱ्याची १.३५ व्होल्टची लागायची, ती आता बनत नाही. त्याऐवजी कानाच्या यंत्राची ६७५ नंबरची चालते, कडेला रबरी वायसर घालून. ती औषधाच्या दुकानात मिळाली. दुकानदाराने आवाज चढवून विचारलं, “आजोबांसाठी का?” संध्याकाळी मालवण, सुरमई, सोलकढी.

सोमवार, सिंधुदुर्ग

नऊच्या होडीने किल्ल्यावर. धक्क्यावरून किल्ला पश्चिमेला, सूर्य पाठीमागे, म्हणजे तिथून आकाशासाठी फिल्टर निरुपयोगीच. पाण्यासाठी मी खूण वर केली आणि होडीतून खाली वाकलो. पृष्ठभाग नाहीसा झाला आणि खाली निव्वळ मातकट हिरवं. होडीवाले काका बघत होते. “पावसाचा पाणी आसा, तळ खंयसून दिसतलो?” फिल्टर पाण्यावरची चमक काढतो, पाण्यातला गाळ नाही.

१६६४ साली बांधायला घेतलेल्या या किल्ल्यात, चारी बाजूंना खारं पाणी असताना, दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या तीन गोड्या विहिरी आहेत. मला विहिरीचा तळ हवा होता. काठावरून सरळ खाली पाहिलं, फिल्टर पूर्ण फिरवला, काहीही फरक नाही. माझं डोकं आणि त्यामागचं आभाळ पाण्यात तसंच. बरोबरच आहे, कारण सरळ खाली पाहताना परतणारा प्रकाश पोलराइज्ड नसतोच. तिरकं पाहावं तर विहिरीची भिंत आडवी येते. दोन मिनिटं कठड्याभोवती फिरलो आणि नाद सोडला. पोलरायझरने न सुटणारं कोडं ज्याला बघायचं असेल त्याने दूधबावेवर जावं.

तटावर दुसरी अडचण. उत्तरेकडे किनारा आणि आकाश, खाली खडकांवर पाणी. सूर्य उजवीकडे, फारसा वर चढलेला नाही. आकाशासाठी खूण सूर्याकडे, म्हणजे घड्याळात दोन वाजतात त्या जागी. पाण्यासाठी खूण बाराच्या जागी. दोन्ही एकदम जमत नाही. आकाश गडद करा नाहीतर पाणी आरपार करा. मधेच कुठेतरी ठेवली तर दोन्ही अर्धवट. मी आकाश घेतलं, दादाने पाणी घेतलं, आणि फिल्टर काढा-घालायच्या गडबडीत होडीची वेळ झाली.

किनाऱ्यावर परतलो आणि साडेबाराला, लोक जेवायला पांगलेले असताना, रॉक गार्डनच्या खडकांवर गेलो. सप्टेंबरअखेर आपल्याकडे मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. फोटोवाले या उजेडाला शिव्या घालतात. सावल्या खाली पडतात, चेहरे काळे होतात. पण फिल्टरच्या दृष्टीने याच वेळी दाद देणारा पट्टा खाली उतरतो आणि क्षितिजालगत चहूबाजूंनी टेकतो. सूर्य वर, म्हणून आकाशासाठी खूण वर. पाण्यासाठीही खूण वर. सकाळचं भांडण मिटलं. पायाशी खडकातली डबकी, त्यातलं पाणी निवळलेलं. तळाशी शंख-शिंपले आणि त्यांच्यामध्ये तिरपा पळणारा एक खेकडा स्पष्ट दिसत होता, आणि वर उत्तरेचं आकाश गर्द. हाच आमच्या फेरीतला उत्तम उजेड, आणि तो जेवणाच्या वेळेला मिळाला. दादा भुकेला होता म्हणून फिल्टर निम्मा वेळ विनातक्रार माझ्याकडे राहिला.

मंगळवार, धामापूर आणि आंबोली

परतीच्या वाटेवर धामापूरचा तलाव, १५३० सालचा. काठाला भगवतीचं देऊळ, भोवती झाडीचे डोंगर, वारा पडलेला. दादा फिल्टर घेऊन सरसावला तसा मी त्याला थांबवलं. इथे सगळी गोष्ट प्रतिबिंबाचीच होती. ते पुसून खालचं काळं पाणी दाखवायचं कशाला? त्याने गॉगल काढला, पाहिलं, आणि फिल्टर डबीत ठेवला. तबकडी परत ४०० वर नेली, मनगटावरचा रबर बँडही काढला. दोघांनी उघड्या लेन्सने फोटो घेतले. माझा शेवटून चौथा.

आंबोलीत धुकं इतकं की घाट आहे हे गाडीच्या गिअरवरून कळत होतं. धुक्याचा प्रकाश सगळ्या दिशांनी येतो, फिल्टरला त्यात धरायला काही मिळत नाही. उरलेली तीन चित्रं रस्त्याकडेच्या ओल्या पानांवर घालवली, अर्थात खूण वर. गडहिंग्लजला चहा पिताना दादाने फिल्टर खिशात टाकला आणि रिंग मला दिली. “ही तुझी,” म्हणाला. आता मी ४८ मिलिमीटरचा लिनिअर शोधतोय. तो थेट बसतो, व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात डोकावत नाही, आणि मुख्य म्हणजे दादाच्या याशिकाला बसत नाही.